लीलेचा कारभार

ज्या कर्माला स्वतःबाहेर कोणतेही प्रयोजन नसते, त्या कर्माची हेतुपुरस्सर व्यवस्था लावता येते काय, आणि लावली तर ते कर्म मूळच्या स्वरूपात शिल्लक राहते काय, हा प्रश्न वेदान्ताच्या पाठशाळेत शोभणारा आहे असे कोणासही वाटेल. परंतु अलीकडे तो माझ्यापुढे आला तो पाठशाळेतून नव्हे, तर कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांच्या घरातून. त्यांच्या कन्येने शालान्त शिक्षण संपवून ‘रिक्रिएशन ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे सार्वजनिक क्रीडांगणे, उद्याने, शिबिरे आणि विरंगुळ्याची साधने यांच्या प्रशासनाची पदवी घेण्याचे ठरविले. आणि तिच्या वडिलांनी, जे स्वतः स्थापत्य-अभियंते असून पुण्याच्या पेठेतले हिशेबी वळण ज्यांच्या अंगातून अद्याप गेलेले नाही, मला कळविले की, लोकांना खेळावयास लावण्यासाठी चार वर्षांचे शिक्षण घ्यावे आणि त्यापायी एवढी रक्कम खर्ची घालावी, हे आपल्या बुद्धीस पटत नाही. तथापि मुलीचा निश्चय ढळणारा नसल्यामुळे निदान महाविद्यालय कोणते निवडावे, एवढे तरी सांगा, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकविले आहे. या शेवटच्या वाक्यात विनंती किती आणि विनोद किती, हे मला नीटसे उमगले नाही. मी ती विनंती धरून चाललो.

व्यवहाराची उत्तरे देण्यास फारसे सायास पडत नाहीत. त्या देशात उद्याने, मनोरंजन व पर्यटन या विषयांच्या पदव्यांना मान्यता देणारे एक स्वतंत्र मंडळ आहे; त्याची मान्यता असलेल्या विभागात शिकल्यास पुढे व्यवसायाच्या दाखल्यासाठी परीक्षेस बसणे सुलभ होते, आणि अशा प्रत्येक विभागात विद्यार्थ्यास निदान १० आठवड्यांच्या मुदतीत निदान ४०० तासांची प्रत्यक्ष उमेदवारी करावीच लागते. रुग्णालयांतून खेळ व कला यांच्या द्वारे रुग्णांवर उपचार करण्याची जी निराळी शाखा आहे, तिच्यासाठी हीच उमेदवारी ५६० तास आणि १४ आठवडे इतकी आहे. आपल्याच राज्याच्या सरकारी विद्यापीठात राहिल्यास फी पुष्कळ कमी पडते, हे तर तेथील प्रत्येक पालकास पाठ असते. फ्रेझ्नो येथील विद्यापीठात या विषयाचा विभाग कित्येक वर्षे चालत आला आहे. इंडियाना विद्यापीठापाशी शिबिरांच्या शिक्षणासाठी ब्रॅडफर्ड वुड्स नावाचे विस्तीर्ण वनक्षेत्र आहे. एवढी माहिती एका कागदावर मावते, आणि माझ्या स्नेह्यांना ती माझ्याआधीच ठाऊक होती. या माहितीच्या आधाराने एक महाविद्यालय दुसऱ्याहून स्वस्त किंवा सोयीचे ठरविता येईल, पण चांगले ठरविता येणार नाही. कारण चांगले कशासाठी, हे ठरल्यावाचून चांगले कोणते हे ठरत नाही, आणि येथे ‘कशासाठी’ हाच तर सगळा घोटाळा आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरायणांनी एक आक्षेप उभा केला आहे, आणि तो त्या मुलीच्या वडिलांनी घेतलेल्या आक्षेपाहून जातीने निराळा नाही. शहाणा मनुष्य प्रयोजनावाचून कोणतीही प्रवृत्ती करीत नाही. ईश्वराने जग निर्माण केले असे म्हणावे, तर त्यात त्याचे काही प्रयोजन असले पाहिजे. प्रयोजन आहे म्हणावे, तर तो आप्तकाम, म्हणजे ज्याला काहीही मिळवावयाचे उरलेले नाही असा, राहत नाही. आणि प्रयोजन नाही म्हणावे, तर त्याचे कर्म उन्मत्ताच्या कर्माच्या पंक्तीस जाऊन बसते. या पेचातून सूत्रकार लीलेच्या कल्पनेने बाहेर पडतात, आणि त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी दिलेला दृष्टान्त मोठा मार्मिक आहे: ज्याच्या सर्व इच्छा तृप्त झालेल्या आहेत असा राजा, किंवा राजाचा अमात्य, क्रीडाविहारात रमतो तो काही पदरात पाडून घ्यावे म्हणून नव्हे, श्वासोच्छ्वास चालतो, तोही बाहेरच्या कोणत्या हेतूची वाट न पाहता. राज्याचा कारभार हाकणाऱ्या अमात्यालाच आचार्यांनी खेळताना दाखवावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. परंतु त्याहून अधिक महत्त्वाचे आहे ते त्याच भाष्यातले पुढचे विधान, ज्यावरून पुष्कळ वाचक घाईने पुढे सरकतात. आचार्य तेथे कबूल करतात की, लौकिक क्रीडेत शोधूच गेले तर एखादे सूक्ष्म प्रयोजन सापडेलही. ते कल्पिताच येत नाही ते केवळ ईश्वराच्या बाबतीत.

या कबुलीत माणसाच्या खेळाचे सारे मर्म आले आहे. मुलगा विटीदांडू खेळतो तेव्हा जिंकण्याची इच्छा त्याच्या मनात असतेच. बायका मंगळागौर जागवितात तेव्हा चार घटका सासर विसरावे हा हेतू कोठेतरी असतोच. माणसाचा खेळ सर्वथा निर्हेतुक कधीच नसतो. परंतु जोपर्यंत ते प्रयोजन सूक्ष्म आहे, खेळणाऱ्याच्याही नजरेआड आहे, तोपर्यंत खेळ खेळ राहतो, आणि ज्या क्षणी ते स्थूल होऊन समोर उभे ठाकते, त्या क्षणी तो व्यायाम होतो, उपचार होतो, स्पर्धापरीक्षा होते किंवा धंदा होतो. यांपैकी कोणतीही गोष्ट वाईट नाही. पण त्यांपैकी कोणतीही खेळ नव्हे. मनोरंजनाच्या प्रशासकाचे कर्तव्य जर एका वाक्यात सांगावयाचे झाले, तर ते एवढेच आहे की त्याने त्या सूक्ष्मास स्थूल होऊ देऊ नये. आणि त्याची अडचण ही की ज्या सरकारी दप्तरातून त्याचा पगार निघतो, त्या दप्तरास स्थूलाखेरीज काही दिसतच नाही.

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली होती. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दहाव्या पुस्तकात तो म्हणतो की, युद्ध जसे शांततेसाठी करावयाचे, तसे कष्ट अवकाशासाठी करावयाचे. अवकाश हे साध्य, काम हे साधन. आधुनिक उद्योगप्रधान समाजाने हा क्रम उलटा करून ठेवला, असे म्हणण्याची आता प्रथाच पडली आहे. परंतु त्याच पुस्तकात खेळास मात्र ॲरिस्टॉटल हा मान देत नाही, हे सोयीस्करपणे विसरले जाते. खेळ म्हणजे विश्रांती, आणि विश्रांती पुन्हा कामासाठीच, असे त्याचे मत. खरा अवकाश तो चिंतनाचा. मला हे मत एकांगी वाटते. ज्याला गुलामांच्या श्रमावर अवकाश फुकटचा मिळाला होता, त्याला खेळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरची मुक्ती चिंतनाहून उणी वाटली असेल तर नवल नाही.

अमेरिकेत या व्यवसायाचा उगम ज्या भूमीत झाला, तिचा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे धर्म आणि खेळ यांचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो ते ध्यानात येते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६१८ मध्ये एक जाहीरनामा काढला आणि रविवारची प्रार्थना आटोपल्यावर रयतेने नाच, धनुर्विद्या, उड्यांचे खेळ खेळण्यास हरकत नाही, असा हुकूम दिला. १६३३ मध्ये त्याच्या मुलाने तो पुन्हा जारी केला. आणि १६४३ मध्ये प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे वर्चस्व असलेल्या पार्लमेंटने तो चारचौघांत जाळविला. आपण आज सहजच राजाच्या बाजूस जाऊन उभे राहतो; पण तो जाहीरनामा वाचावा, तर अशा खेळांना मज्जाव केल्याने सामान्य जनांची शरीरे युद्धाच्या उपयोगी राहणार नाहीत, ही काळजी त्यात स्पष्ट बोलून दाखविलेली आहे. खेळ बंद करणाऱ्यांना त्यात पाप दिसत होते आणि चालू करणाऱ्यांना सैन्यभरती; खेळ मात्र दोघांपैकी कोणालाही दिसत नव्हता.

त्याच प्युरिटनांनी वसविलेल्या बॉस्टन शहरात १८८५ साली, एका प्रार्थनामंदिराच्या आवारात, गरीब वस्तीतल्या मुलांना खेळण्यासाठी वाळूचा एक ढीग टाकण्यात आला. बर्लिनच्या उद्यानांत असे ढीग पाहून आलेल्या मारी झाक्रझेवस्का या स्त्री-डॉक्टरांची ती सूचना होती, आणि अमेरिकन क्रीडांगण-चळवळीचे इतिहासकार आपला शक त्या ढिगापासून मोजतात. पुढचा क्रम झपाट्याचा आहे. १९०६ मध्ये प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था निघाली. तिचे पहिले अध्यक्ष ल्यूथर गुलिक हे मिशनऱ्यांच्या घराण्यातले, होनोलुलू येथे जन्मलेले गृहस्थ. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत ते असताना, हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा काहीतरी खेळ तयार करा, असे त्यांनी आपले सहकारी जेम्स नेस्मिथ यांना फर्माविले, आणि १८९१ च्या डिसेंबरात बास्केटबॉल जन्मास आला. (वरिष्ठाच्या हुकमावरून रचला गेलेला खेळ जगभर खरोखरीचा खेळ म्हणून खेळला जावा, हे माझ्या वरच्या सिद्धान्तास पडलेले एक भोक आहे, आणि ते मी बुजवीत बसत नाही.) १९२६ मध्ये या चळवळीने स्वतःची प्रशिक्षणशाळा काढली, १९३७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात महाविद्यालयांतून हे शिक्षण कसे द्यावे याचा खल करण्यासाठी परिषद भरली, आणि वाळूच्या ढिगापासून पदवीपर्यंतचा प्रवास अर्ध्या शतकात पुरा झाला. या साऱ्या काळात पैसा मागताना जी कारणे पुढे केली गेली, ती म्हणजे बालगुन्हेगारी कमी होईल, क्षय हटेल, परदेशांतून आलेल्या कुटुंबांची मुले चांगले नागरिक होतील; आणि ती कारणे खोटी होती असेही नव्हे. परंतु वाळूत हात घालून बसलेल्या मुलाला यांतले एकही ठाऊक नव्हते.

बॉस्टनच्या त्या ढिगानंतर पाच वर्षांनी, १० जून १८९० पासून, मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १८८४ मध्ये बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या दीर्घ खटपटीचे ते फळ होते, आणि रविवारच का, याचे कारण म्हणून लोखंड्यांनी तो खंडोबाचा वार असल्याचे पुढे केले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कामगाराची प्रकृती सुधारेल आणि कापड अधिक निघेल, असा मालकांना रुचणारा युक्तिवादही करता आला असता. परंतु देवाचा वार आहे असे म्हणताच तो दिवस मालकाच्या हिशेबातून बाहेर पडतो. त्या दिवशी कामगार काय करतो, हे विचारण्याचा मालकाचा हक्कच संपतो. धर्माने अवकाशावर बंधने घातल्याची उदाहरणे आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. धर्माने अवकाशाला कुंपण घालून त्याचे रक्षण केल्याचे हे उदाहरण त्यांच्याशेजारी ठेवावयास हवे. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी उभा राहिला, केंद्रे निघाली, कामगारांची नाटके रंगभूमीवर आली, आणि कामगाराचा रविवार कसा जावा, याची तजवीज पुन्हा दप्तरातून होऊ लागली. ती वाईट झाली असे मी म्हणत नाही. कित्येक चांगले नट त्या केंद्रांनीच रंगभूमीस दिले.

अमेरिकेत मात्र कुंपण दुसऱ्या बाजूने पडले. १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्तेवरील करास कायमची मर्यादा घालणारा ठराव मंजूर केला, नगरपालिकांचे उत्पन्न एकाएकी आटले, आणि जी उद्यान-खाती आजवर कराच्या पैशावर चालत होती त्यांना पोहण्याच्या वर्गापासून मैदानाच्या वापरापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी शुल्क आकारण्याची सवय लावून घ्यावी लागली. शुल्क आले की ग्राहक येतो, ग्राहक आला की जाहिरात येते, आणि जाहिरात आली की शिक्षणक्रमात बाजारपेठेचे शास्त्र येते. त्याच राज्यातील सॅन लुइस ओबिस्पो येथील नामांकित विद्यापीठात जो विभाग एके काळी मनोरंजन-प्रशासनाचा होता, त्याने आता अनुभव-उद्योगाचे व्यवस्थापन असे नाव धारण केले आहे. नाव बदलल्याने शिक्षण बिघडते असे नाही, आणि तेथले पदवीधर उत्तम नोकऱ्या मिळवीत असतील याविषयी मला शंका नाही. पण अनुभव ही विक्रीची वस्तू ठरली म्हणजे ज्याला विकत घेता येत नाही त्याचे काय, हा प्रश्न त्या दारातून आत येऊ शकत नाही.

आपल्याकडे लीलेचा कारभार चालविण्याची एक फार जुनी आणि फार मोठी संस्था आहे, तिचे नाव पंढरीची वारी. तिला ही उपाधी लावल्याबद्दल वारकरी बांधव मला क्षमा करतील. परंतु वाटेवरच्या माळावर जे रिंगण होते, ते ज्याने डोळसपणे पाहिले आहे त्याला मी काय म्हणतो ते समजेल. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी-सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा मनुष्य. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. दिंड्यांचा क्रम लागला, मानकरी ठरले, मुक्काम ठरले. म्हणजे लष्करी कवाइतीचा आणि दरबारी शिरस्त्याचा सारा सरंजाम त्या भक्तीच्या सेवेस लावला गेला. चोपदार रिंगण लावतात. कोणत्या दिंडीने कोठे उभे राहावे, पताकाधारी कोठे, तुळशी-हंडेवाल्या बायका कोठे, घोड्यांची वाट किती रुंद, हे सारे त्यांच्या हातातील चोपाच्या इशाऱ्यावर ठरते. मग घोडे धावतात, एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा म्हणून रिकामा. आणि ते धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावून लाखभर माणसे फुगड्या घालू लागतात, हमामा घालतात, एकमेकांच्या खांद्यांवर चढतात. सत्तरीचा म्हातारा आपल्या सुनेच्या वयाच्या बाईशी फुगडी घालतो आणि कोणाला त्यात काही वावगे दिसत नाही. हा खेळ कशासाठी, असे त्यांना विचारले तर ते माउलींकडे बोट दाखवितील, आणि ते उत्तर प्रयोजनाचे नसून प्रयोजन संपल्याचे आहे.

या कारभाराचा खरा कस संध्याकाळी लागतो. तळावर सर्व दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदाराने चोप उंचावताच तो क्षणात थांबतो. परंतु एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तर ती दिंडी आपले टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, तिचा निवाडा होतो, आणि मगच टाळ थांबतात. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची वेळ सांगितली जाते, आरती होते. अर्ज नाही, नमुना नाही, खिडकी नाही. ज्या वाद्याने भजन करावयाचे त्याच वाद्याने तक्रार करावयाची. प्रशासनशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात याहून चांगली तक्रार-निवारणाची पद्धत मी वाचलेली नाही. आणि या सर्व वेळी चोपदार स्वतः फुगडी घालीत नाही. लग्नघरातल्या ज्या आत्याबाईंना शेवटची पंगत उठेपर्यंत पाट सापडत नाही, त्यांच्याप्रमाणे तो सोहळ्याच्या मध्यभागी असून सोहळ्याबाहेर असतो, आणि त्याला त्याचे दुःख नसते, कारण ते स्थान त्याने सेवा म्हणून पत्करलेले असते.

परंतु रिंगणाबाहेर उभे राहण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद जे शिक्षण दाखवीत नाही ते शिक्षण अपुरे. पालवणकर बाळू हे नाव आता पुन्हा लोकांच्या कानांवर येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पुण्यातील गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम ते करीत, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत, आणि त्यातून हिंदुस्थानातला त्या काळचा अव्वल दर्जाचा फिरकी गोलंदाज तयार झाला. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेल्या चेंडूस शिवण्यात कोणास बाट नव्हता, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जातीमुळे त्यांना कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळावयास १९२३ साल उजाडावे लागले. मैदान राखणारा माणूस बाहेर उभा होता, चोपदारही बाहेरच उभा असतो. परंतु चोपदाराला तेथे श्रद्धा उभे करते आणि बाळूंना अधर्माने उभे केले होते.

अमेरिकेच्या इतिहासात या अधर्माची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन या राजधानीत, काळ्या व गोऱ्या नागरिकांना सार्वजनिक ठिकाणी वेगळे ठेवता येणार नाही असे न्यायालयाने ठरविल्यावर, नगरपालिकेने १९६३ मध्ये पोहण्याचे सार्वजनिक तलावच बंद करून टाकले. आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निर्वाळा दिला की, तलाव सर्वांनाच बंद असल्यामुळे यात समतेचा भंग होत नाही. एकत्र खेळण्यापेक्षा कोणीच न खेळलेले बरे, हा निर्णय अंमलात आणणारे अधिकारीही मनोरंजनाचेच प्रशासक होते. त्यांनीही कुलपे लावली, नोंदी केल्या, हिशेब चोख ठेवले. तांत्रिक कौशल्यात ते कोठे कमी पडले असतील असे वाटत नाही. मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांत या व्यवसायाच्या इतिहासाचे व तत्त्वज्ञानाचे ज्ञान विद्यार्थ्यास असावे, अशी अट आहे, हे वाचून मला बरे वाटले. पण ती अट पहिल्या वर्षातल्या दोन व्याख्यानांत उरकता येते आणि चार वर्षे पुरेल एवढी ताणताही येते, आणि कोणता विभाग ती कशी पाळतो, यावर माझ्या मते त्या विभागाची सारी किंमत ठरते.

मुंबईपुरते बोलावयाचे तर शिक्षण आणि वस्ती यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न एका घराने फार पूर्वी हाताळला होता. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट शिकागोहून शिकून आले आणि १९२० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने नागपाड्यात नेबरहुड हाऊस उभे राहिले. नागपाडा म्हणजे तेव्हाही ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू यांची दाट सरमिसळ. त्या घरात वाचन होते, वर्ग होते, आरोग्यसेवा होती आणि खेळ होता. आणि १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा यांची पदव्युत्तर शाळा त्याच वास्तूत सुरू झाली. शिक्षण आधी आणि वस्ती नंतर, असा क्रम तेथे नव्हता. वस्ती आधी होती, तिच्यात शाळा उघडली. मिशनचा हेतू सर्वस्वी निर्मळ होता की त्यामागे धर्मप्रसाराचा सूक्ष्म तंतू होता, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. नागपाड्याची मुले आजही बास्केटबॉलसाठी ओळखली जातात, आणि त्यांच्यापैकी कोणी गुलिकसाहेबांचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा महाविद्यालय निवडताना काय पाहावे, याचे माझे उत्तर माहितीपत्रकातून निघणारे नाही. त्या विद्यापीठाच्या गावी जावे, तेही उत्सवाच्या दिवशी नव्हे, आडवारी. गावच्या उद्यानात दुपारभर बसावे. फाटकावरची पाटी वाचावी, तिच्यावर मनाई किती ओळींची आणि दर किती ओळींचे ते पाहावे. पोहण्याच्या तलावाबाहेर जाळीला नाक लावून कोणती मुले उभी आहेत, आणि ती तेथे का आहेत, हे तेथल्याच एखाद्या नोकरास विचारावे. मग विभागात जाऊन अध्यापकांना विचारावे की त्यांच्या विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षी या गावात काय केले. ज्या अध्यापकास याचे उत्तर ठाऊक आहे, आणि जो स्वतः अजून काहीतरी खेळतो, पत्ते का असेनात, त्याच्या हाताखाली शिकण्यास माझी हरकत नाही, मग त्या विभागाची इमारत कितीही जुनी असो. ज्याला केवळ माजी विद्यार्थ्यांचे पगार ठाऊक आहेत, तोही प्रामाणिक मनुष्य असू शकेल. पण त्याने हा विषय शिकवू नये.

आणि त्या ४०० तासांबद्दल अवश्य विचारावे. उमेदवारी ही या शिक्षणातील सर्वांत मौल्यवान गोष्ट, कारण तेथे विद्यार्थी प्रथमच चोप हातात घेतो. परंतु पुष्कळ ठिकाणी ती बिनपगारी असते, आणि तिच्याबद्दल गुण मिळावयाचे असल्यामुळे त्या गुणांची फी विद्यार्थ्यालाच भरावी लागते. म्हणजे ज्या मुलीला उन्हाळ्यात दुकानात उभे राहून पुढच्या वर्षाची रक्कम जमवावी लागते, तिला दहा आठवडे फुकट राबून वर पैसे मोजावे लागतात, आणि ज्या वस्तीतली मुले जाळीबाहेर उभी असतात त्या वस्तीतून आलेला विद्यार्थी नेमका याच पायरीवर गळतो. वेतन देणाऱ्या जागा विभागाकडे किती आहेत, त्या कोणाला मिळतात, उमेदवारी कामधंदा सांभाळून अधिक आठवड्यांत विभागून करता येते काय, आणि गेल्या काही वर्षांत या कारणास्तव पदवी अर्धवट सोडलेले किती, हे कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे लागते. पहिल्या खिडकीवर याचे उत्तर बहुधा मिळत नाही. विभागप्रमुखांची वेळ मागून घ्यावी, आणि ती मिळेपर्यंत प्रवेशाच्या अर्जावर सही करू नये.